मार्थाबाईंची तीन मिनिटं

डोळ्याला शिलाईच्या दोऱ्याचं रिकामं रीळ लावून बाजारात खरेदी करणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. राम आळीत मातीच्या खेळण्यांचं एक दुकान होतं. मार्थाबाई त्या दुकानाच्या पायरीपासून दहा पावलं मागे, भर रस्त्यात उभ्या राहायच्या, एक डोळा मिटायच्या, दुसऱ्याला रीळ लावायच्या आणि तिथून दुकानदाराला सांगायच्या, "ती गाय जरा वर धरा. अजून वर. आता थोडी डावीकडे." मागे रिक्षावाले हॉर्न वाजवतायत, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका पुटपुटत वळसा घालतायत, आणि ह्या बाई जागच्या ढिम्म हलत नाहीत. सोबत मी असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी बाजूच्या भांड्यांच्या दुकानात शिरून उगाच पातेल्यांच्या किमती विचारत बसायची.

पाच-सहा गाई बघून झाल्या की रीळ पर्समध्ये जायचं. "चल गो सुलभा. ह्यातली एकही चालायची नाही. त्याला दिसणार नाही."

'तो' म्हणजे त्यांचा नवरा, बस्त्याव टेलर. आमच्या समोरच्याच घरात राहायचे दोघं. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून आमची आळी, त्यांचं घर सोडून सात घरांची, आणि इतकी अरुंद की समोरच्या घरातली फोडणी आमच्या डोळ्यांत जाते. आळीतल्या प्रत्येकाच्या अंगावर कधी ना कधी बस्त्यावमामांचा टाका चढलेला. माझ्या लग्नातले ब्लाउज त्यांनीच शिवले होते आणि पोरांच्या बारशातली झबलीही.

मामांना काचबिंदू होता. तो कळला फार उशिरा, आणि का, तर माणूस सुईत दोरा एका झटक्यात ओवायचा. अशा माणसाच्या डोळ्यांना काही झालंय असं कोण म्हणेल? पण काचबिंदू कडेकडेने खात येतो. मधलं स्वच्छ दिसतं आणि बाजूचं नाहीसं होतं. मामा समोरून येणाऱ्याला लांबून नावानिशी हाक मारायचे आणि पायाशी झोपलेल्या मांजरावर पाय द्यायचे. मशीनवरून उठताना खांदा चौकटीवर आदळायचा. आम्ही हसायचो. मीही हसलेय, खोटं कशाला सांगू? मग एका डिसेंबरात फणसावर नाताळची चांदणी बांधताना शिडीची शेवटची पायरी त्यांना दिसली नाही आणि ते खाली आले. हात मोडला, आणि त्या निमित्ताने कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते आता येत नाही. उरलंय ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं.

ती सत्त्याण्णवची गोष्ट. पुढच्या मे महिन्यात मार्थाबाई निवृत्त झाल्या.

त्या टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या, तीस वर्षं. आजच्या पोरांना ट्रंक कॉल सांगायचा तर पुराण लावावं लागेल. मुंबईला बोलायचं तर नंबर नोंदवून तासन् तास वाट बघायची, मग एक्स्चेंजमधली बाई दोरीचं एक टोक ह्या भोकात आणि दुसरं त्या भोकात खोचून दोन माणसं जोडून द्यायची. ती बाई म्हणजे मार्थाबाई. तीन मिनिटं झाली की मध्येच त्यांचा आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली. चालू ठेवू?" अख्ख्या रत्नागिरीने तो आवाज ऐकलेला. त्या आवाजाने लोकांची लग्नं जमवली, मयताच्या बातम्या पोचवल्या, आणि कुणाचं काय बोलणं झालं हे त्यांच्या तोंडून भिंतीलाही कधी कळलं नाही. मला तर समोरच्या घरी कोण आलं हे अर्ध्या आळीला सांगितल्याशिवाय चहा जात नाही.

निवृत्तीनंतरही सवय सुटली नव्हती. पाठ ताठ, डोकं किंचित डावीकडे, जणू कानावर अजून हेडफोन आहे. आम्हा शेजाऱ्यांना त्या आडनावाने नव्हे तर फोन नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांनी ओळखायच्या. सावंत म्हणजे 'एकोणीस', दामले म्हणजे 'छत्तीस', मी 'सत्तावीस', तोंडावर मात्र सुलभा. आणि गप्पा मारायला गेलं की थोड्या वेळाने हमखास यायचं, "सुलभा, तीन मिनिटं झाली. चालू ठेवू?" म्हणजे चहा टाकू का. नको म्हटलं तर सरळ उठून कामाला लागायच्या. मला आधी राग यायचा. पुढे कळलं की एवढा सरळ पाहुणचार दुसरीकडे कुठे मिळत नाही.

त्या वर्षीच्या गणपतीत त्यांनी मला सांगितलं, "नाताळची तयारी आता मी करणार. दिसतंय तोवर त्याला पूर्ण नाताळ दिसला पाहिजे. खुर्चीत बसून."

ह्या माणसाला सण एकच होता. दिवाळीला ते आमचे कपडे शिवत बसायचे, गणपतीला आमचेच झब्बे, ईदेला राजिवड्याचे कुर्ते. नाताळच्या आधी चार दिवस मात्र मशीनवर चादर पडायची, गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवलं जायचं, आणि मामा अंगणात येशूजन्माचा गोठा बांधायला घ्यायचे. चिऱ्याचे तुकडे, भाताचा पेंढा, आणि परातीत रुजत घातलेली नाचणी. ती नाचणी हिरवीगार उगवून आली की गोठ्यापुढचं कुरण. आमच्या नवरात्रातलं रुजवण तेच. मी त्यांना म्हणायची, "मामा, देवी उठली की परडी तशीच देऊ का तुम्हाला?" ते म्हणायचे, "तुझी नाचणी तोवर म्हातारी होईल गो."

मार्थाबाईंनी हे सगळं हातात घेतलं ते एक्स्चेंजच्या शिस्तीने. त्या म्हणाल्या, "सगळे दिवे एकदम लावून उपयोग नाही. त्याला एका वेळी ताटाएवढंच दिसतं. कुठे बघू हेच कळणार नाही. एकेक दिवा लागला पाहिजे. पहिल्याने दुसऱ्याकडे न्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. बोट धरून नेतात तसं."

आता अशी माळ बाजारात कुठे मिळणार? मिळाली नाही, म्हणून त्यांनी बनवली. जुनं एक्स्चेंज मोडीत निघालं होतं, त्यातले रिले भंगारवाल्याकडे पडले होते. रिले म्हणजे बोटाएवढं लोखंडी यंत्र, वीज आली की 'टिक' करून मिटतं आणि पुढे वीज सोडतं. तीस वर्षं मेकॅनिकांच्या खांद्यावरून बघून बाईंना ते पाठ झालेलं. एका जुन्या कपाटाच्या फळीवर त्यांनी रिले बसवले, खाली भोकांच्या रांगा, आणि भोकांत खोचायला रंगीत दोऱ्या, हुबेहूब ट्रंकच्या बोर्डासारख्या. कुठल्या दिव्यानंतर कुठला लागायचा हे दोरी ठरवणार. दोरी काढून दुसऱ्या भोकात खोचली की क्रम बदलला. एक दिवा किती वेळ राहायचा तेही त्यांनी ठरवलं होतं, मामांची मान इकडून तिकडे वळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजून. दिवे ट्रकच्या इंडिकेटरचे, छोटे, शॉक न लागणारे. मी हे बघायला गेले तेव्हा बाई सोल्डरिंगच्या धुरात बसल्या होत्या, नाकावर चष्मा, मांडीवर आमच्या आळीचा कागदावर काढलेला नकाशा. मी विज्ञान घेऊन पदवीधर आहे आणि मला घरचा फ्यूज बांधता येत नाही. मी हात जोडले, खरोखर.

त्या पहिल्या नाताळात संध्याकाळी सातला आख्खी आळी त्यांच्या अंगणाच्या दगडी कुंपणाशी, गडग्याशी उभी. मामा ओटीवर खुर्चीत, त्यांच्यासमोर अंगण, अंगणाच्या टोकाला फाटकाजवळ गोठा, आळीतून आम्हालाही दिसेल असा तिरका. बाई ओटीच्या खिडकीआड बोर्डापाशी. आतून टिक असा आवाज आला आणि फणसाच्या शेंड्यावर चांदणी लागली. टिक. माडाखाली मेंढपाळ. टिक. विहिरीच्या काठावर उंट. टिक, टिक, टिक, तीन राजे अंगणातून चालत यावेत तसे एकामागून एक, आणि सगळ्यात शेवटी गोठ्यातलं बाळ. आम्ही दिवे बघत होतो. मग माझं लक्ष मामांकडे गेलं. प्रत्येक टिकबरोबर त्यांची मान वळत होती, अगदी बरोबर त्या दिव्याकडे. एकही दिवा चुकला नाही. माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्यासाठी उपास करणाऱ्या बायका मी ढिगाने पाहिल्यात, मीही त्यातलीच. पण नवऱ्याच्या मानेचा वेग मोजणारी ही एकच.

दर वर्षी नोव्हेंबरात दिव्यांची परीक्षा व्हायची. मामा खुर्चीत, बाई अंगणात. एकेक बल्ब वेगवेगळ्या रंगाचा कागद गुंडाळून लावायच्या आणि विचारायच्या, "दिसला?"

एकदा मी घावने घेऊन गेले होते, तेव्हाची परीक्षा मी पाहिली. निळा आधीच नापास झाला होता. हिरवा लावला.

"दिसला?"

"दिसला."

"पिवळा?"

"दिसला. छान दिसतोय."

बाई थोड्या बाजूला सरकल्या. "आणि हा?"

"दिसला की."

बाईंनी हातातला बल्ब खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी लावलाच नव्हता, बस्त्याव."

मामांनी मान खाली घातली. घावन्यांचं ताट हातात घेऊन मी पायरीवर अशी अवघडले की पुढे जाता येईना की मागे. बाई खुर्चीजवळ आल्या. आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. म्हणाल्या, "माझं मन राखायला दिसतं म्हणू नको. तू खोटं बोललास तर मी चुकीच्या जागी दिवा लावीन, मग वर्षभर राबून काय उपयोग?"

"तू एवढं करतेस, मार्था. नाही कसं म्हणू?"

"नाही म्हण. नाही म्हटलंस की मला कळतं पुढे काय करायचं."

त्या दिवसापासून मामा खरं बोलायला लागले. आणि खरं ऐकायची त्या बाईची तयारी बघून मला माझी लाज वाटली. आमच्या घरात कुणी भाजीला नावं ठेवली तर मी दोन दिवस बोलत नाही.

तेव्हाच बाईंनी मामांना दिसतं तेवढंच आपल्याला दिसावं ह्याची सोय केली. आधी कापडाच्या ताग्यात असते ती पुठ्ठ्याची रुंद नळी डोळ्याला लावून बघायच्या. डॉक्टरांचा पुढचा रिपोर्ट आला की आधीपेक्षा बारीक नळी. शेवटी दोऱ्याचं रीळ. मस्कतहून पुतण्याने डबा पाठवला, आठ तऱ्हांनी नाचणारे दिवे, वर गाणं. आळीतली पोरं वेडी झाली. बाईंनी रीळ लावून पाच मिनिटं बघितलं आणि डबा बंद केला. "हे दिवे स्वतःच्या मनाने नाचतात. बघणाऱ्यासाठी थांबत नाहीत." डबा मला दिला. माझ्या ओटीवर तो तीन दिवाळ्या नाचला.

बाजारातली गाय पसंत पडेना म्हणून बाई शेवटी मेंढरांसकट सगळ्याच मूर्ती घडवून घ्यायला गणपतीच्या शाळेत गेल्या, बाबल्या मूर्तिकाराकडे. बाबल्याच्या बापजाद्यांनी गणपती सोडून दुसरं काही घडवलं नव्हतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "बाय, मेंढरू मी जल्मात बघितला न्हाय. बकरा करून देव?"

"बकरा चालेल. डोळे मोठे काढ. लांबून दिसले पाहिजेत."

मोठे डोळे काढायला बाबल्याला शिकवावं लागत नव्हतं. त्याने सगळ्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी गणपतीसारखीच केली, मारियेची, मेंढपाळांची, बकऱ्याचीसुद्धा. आणि योसेफाच्या कपाळावर सवयीने लाल गंध ओढून मोकळा झाला. मग जीभ चावून म्हणाला, "हात गेला बाय. पुसतंय."

बाई दहा पावलं मागे गेल्या, रीळ लावलं, आणि म्हणाल्या, "पुसू नको. आख्ख्या गोठ्यात तेच सगळ्यात आधी दिसतं."

गंध राहिलं. फादर आले, त्यांनी योसेफाकडे बराच वेळ बघितलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि केकचा दुसरा तुकडा मागितला.

पण वर्षं जात होती तसं मामांचं ताट बशी होत चाललं होतं. एका नाताळात फणसावरची चांदणी गेली. पुढच्या वर्षी उंट गेले, मग राजे. सगळं गोठ्याच्या जवळजवळ येत गेलं. दोन हजार तीन साली उरला एक गोठा आणि त्यात एक बल्ब. आळीतली पोरं हिरमुसली. मला मामांचा आजार ठाऊक होता, तरी माझ्या जिभेला हाड आहे कुठे? मी म्हटलं, "मार्थाबाई, यंदा एवढंच? आटोपतं घेतलंत."

बाईंनी मला मामांच्या खुर्चीत बसवलं आणि हातात रीळ दिलं. "बघ."

मी बघितलं. रिळाच्या भोकात गोठा मावला आणि भोक संपलं. त्याच्यापलीकडे काही नव्हतं. मी रीळ परत दिलं आणि न बोलता घरी आले, जे क्वचित घडतं.

गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. पण मी सावंतांकडे गेले, दामल्यांकडे गेले, सांगत सुटले, बाईंना आता झेपत नाही हो, एका बल्बावर आलाय नाताळ. डोळ्यांचं नीट सांगायचं ते राहिलंच. आणि आमच्या आळीने काय करावं? चोवीस तारखेला माळ्यावरून दिवाळीचे आकाशकंदील उतरले. पुसले, झिरमिळ्या चिकटवल्या, आणि सातही घरांवर चढले, शिवाय माळा, शिवाय माझा मस्कतचा डबा. बाईंना मदत म्हणून. अशी चूक आमच्या आळीनेच करावी, मनापासून आणि नको तिथे.

संध्याकाळी आम्ही सगळे कौतुक ऐकायला गडग्याशी जमलो. मामा खुर्चीत बसले, समोर बघितलं आणि हाताने डोळे झाकले. त्या डोळ्यांना समोरून उजेड आला की सगळंच पांढरं होऊन जायचं. गोठ्यातला बल्ब लागला होता, तो कुठल्या कुठे हरवला. मामांना काहीच दिसलं नाही. आख्ख्या वर्षाची ती एक संध्याकाळ, आणि ती मी घालवली होती.

सकाळी सहालाच मी बाईंच्या दारात. म्हटलं, "मार्थाबाई, चूक माझी. आत्ता जाऊन सगळ्यांचे कंदील उतरवते."

"नको. प्रेमाने लावलेला कंदील उतरवायला सांगायची माझी जीभ नाही गो." बोलता बोलता त्यांचं डोकं डावीकडे कललं. "सगळ्यांकडे फोन आहेत ना?"

"आहेत."

"मग जाऊन सांग. साडेसातला मी एकेका घरी रिंग देईन. एकच. उचलायचा नाही. रिंग वाजली की आपला दिवा बंद करायचा, कंदील, माळ, घरातला, सगळा."

त्या संध्याकाळी मी माझ्या ओटीवर, बोट बटणावर ठेवून उभी होते. आळीच्या वरच्या टोकाला सावंतांचा फोन वाजला, एकदाच, आणि त्यांचं घर विझलं. मग त्याच्या खालचं. मग दामल्यांचं. रिंग एकेक घर उतरत खाली येत होती आणि तिच्यामागून अंधार येत होता. आता माझी पाळी. माझा फोन वाजला. मी बटण दाबलं.

आमची आळी इतकी काळी मी कधी पाहिली नव्हती. मग समोरून टिक. गोठ्यातला एक बल्ब लागला आणि त्यात योसेफाचं गंध चमकलं.

"दिसला?"

"दिसला," मामा म्हणाले. आणि जरा वेळाने, "अगदी स्वच्छ दिसला, मार्था."

मामा खरं बोलतायत हे बाईंना कळत होतं आणि आम्हालाही. तीन मिनिटं सात घरं आपापल्या ओटीवर अंधारात उभी होती. एका बाईने दिवे लावून नव्हे, विझवून दाखवले, आणि तेही आपल्या कानाच्या आणि बोटाच्या जोरावर. ह्याच्याएवढं मोठं मी काही पाहिलं नाही. मग त्यांचा तो एक्स्चेंजचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली. चालू ठेवू?" आणि मामा म्हणाले, "ठेव."

मग ती रीतच पडली. कंदील लावायचे, रिंगेची वाट बघायची. एका वर्षी दामल्यांच्या लेकीचा नेमका त्याच वेळी पुण्याहून फोन आला, दामल्यांनी रिंग समजून दिवे घालवले, ते बघून खालच्या घरानेही घालवले, आणि सगळा घोळ झाला. बाईंनी परत सगळ्यांना दिवे लावायला लावले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात मामांचं तेवढंही दिसणं संपलं. थेंब बंद झाले. डिसेंबर आला तेव्हा आळीला प्रश्न पडला, आता कशासाठी? तरी माळे उघडले, कंदील चढले. मी बाईंना भीतभीत विचारलं, "रिंग देणार ना?"

"देणार. त्याला ऐकायला येतं ना."

साडेसातला रिंग सावंतांकडून खाली यायला लागली. आळी अरुंद, त्यामुळे समोरच्या ओटीवरचं सगळं कानावर येत होतं. मामा खुर्चीत ताठ बसून मोजत होते. "हे सावंत. हे त्याच्या खालचं. हे दामले. दामले गो, बरोबर?" माझा फोन वाजला, मी बटण दाबलं. "ही सुलभा," मामा म्हणाले.

अंधार झाला. आम्ही वाट बघत राहिलो.

"दिसला?" बाईंनी विचारलं.

मामा हसले. "लावलाच नाहीस. टिक झालं नाही."

खिडकीआड बाई पण हसल्या. तीस वर्षांच्या शेजारात त्यांचं मोठ्याने हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग दोरी खोचल्याचा आवाज, आणि टिक.

"आता दिसला," मामा म्हणाले.

बाई आतून बाहेर आल्या आणि पायरीवर त्यांच्या पायाशी बसल्या. बल्बाच्या उजेडात मला दोघांचे चेहरे दिसत होते. मी रडत होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. तीन मिनिटं झाली. विचारल्यावर मामा म्हणाले, "ठेव. आज जरा जास्त ठेव."

पुढच्या श्रावणात मामा गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. मशीनवर चादर पडली ती पडलीच.

बाई त्यानंतर कमी दिसायला लागल्या. मस्कतहून परत आलेल्या पुतण्याकडे वसईला जायचं त्यांनी नाताळच्या आधीच ठरवलं होतं, सामान बांधून झालं होतं, सव्वीसची गाडी. गोठा बांधला की नाही ते बघायचा मला धीर झाला नाही, विचारायचाही नाही. कंदील मात्र आम्ही सगळ्यांनी लावले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

साडेसातला मी सवयीने बटणापाशी उभी होते, आपलीच आपल्याला वेडी म्हणत. वर सावंतांचा फोन वाजला. एकदाच.

रिंग उतरत आली. दामले. मग मी. मी बटण दाबलं. समोर टिक झालं आणि गोठ्यात बल्ब लागला. नाचणी रुजलेली होती, बकरा होता, योसेफाचं गंध होतं. मार्थाबाई बाहेर आल्या आणि मामांच्या खुर्चीत बसल्या. पर्समधून रीळ काढलं, एक डोळा मिटला, आणि दुसऱ्या डोळ्याला रीळ लावून गोठ्याकडे बघत राहिल्या. पाठ तशीच ताठ.

मीही घड्याळाकडे न बघता मोजत होते. मग अंधारातून तो आवाज आला, न चढलेला, न हललेला. "तीन मिनिटं झाली. चालू ठेवू?"

विचारलं कुणाला, माहीत नाही. उत्तर द्यायला खुर्चीत दुसरं कुणी नव्हतं.

"चालू ठेवा, मार्थाबाई," मी म्हटलं.

वरून, दामल्यांच्या काळ्या ओटीवरून कुणीतरी म्हणालं, "ठेवा हो." मग सावंतही. बाईंनी मान वळवली नाही, रीळही खाली घेतलं नाही. फक्त मोकळा हात जरा वर करून त्यांनी सगळ्यांना, ऐकलं म्हणून सांगितलं, आणि बल्ब तसाच चालू राहिला.